आचकीचे दात

मागच्या उन्हाळ्यात तिसगावच्या एसटी स्टँडवर मी नगरच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी पन्नाशी उलटलेली एक बाई नातवाला जेवू घालत होती. पोरगं तीन-चार वर्षांचं, तोंड घट्ट मिटून बसलेलं. बाईने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, त्याच्या ओठांपाशी नेला आणि डोळे मोठे करून म्हणाली, "खातो का बोलवू आचकीला?"

पोराने तोंड उघडलं.

मी पाणी पीत होतो, ते पिणं राहून गेलं. हा शब्द मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. तो मेला असेल असं धरून चाललो होतो.

"आचकी म्हणजे कोण हो?" मी विचारलं.

"आवो, राक्षसीण. लेकरं खाती. तुमच्याकडं न्हाई का?"

"आमच्याकडे म्हणजे?"

"तुमी शहरातले दिसता. आमच्या गावात लई पूर्वीपासून हाय ती. म्हातारी. लंगडी. पर दात असले!" तिने स्वतःच्या दातांवर बोट आपटून दाखवलं. "एक बी पडलेला न्हाई."

मी गाव विचारलं. तिने सांगितलं ते माझंच गाव होतं. मी ते सोडलं तेव्हा ही बाई रांगत असेल, फार तर धरून उभी राहत असेल.

तिला मी काय म्हणालो ते पुढे येईल. इथे मात्र पहिल्यापासून सांगतो, कारण पूर्वीपासून वगैरे काही नाही. आचकी आमच्या गावात आली ती बहात्तरच्या दुष्काळात, आणि तिला मी आणलं. ती मूळची समुद्रापलीकडची, दक्षिण अमेरिकेतल्या उंच डोंगरांतली. तिथल्या मूळच्या लोकांच्या तोंडी गोष्टींत अशा बायका पुष्कळ आहेत, असं मी नंतर ऐकलं. रानात एकट्या राहतात, वाट चुकलेल्या लेकरांना घरात घेतात आणि खातात. आमच्या गावात येताना तिला दात, पाय आणि लुगडं मी दिलं. ते मी जिच्याकडून घेतलं तिच्याबद्दल हे लिहितो आहे.

मी तेव्हा विशीत होतो. नगरला कॉलेजात एक वर्ष काढलं होतं आणि दुष्काळ पडला म्हणून घरी परत आलो होतो. विहिरींचे तळ दिसत होते. बैलं कुणी छावणीत नेऊन बांधली, कुणी बाजारात सोडून आले. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि सकाळ झाली की अख्खं गाव तिकडे चालू लागायचं. पुरुष माती उकरायचे, बायका टोपल्या वाहायच्या नाहीतर खडी फोडायच्या. दुपारी लांबून ऐकलं तर त्या हातोड्यांचा आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा वाटायचा, आणि आभाळात तर ढग नाही.

माझ्या वाट्याला हातोडा आला नाही. एका मिशनच्या दवाखान्यातली परदेशी सिस्टर जीपमधून लहान मुलांसाठी सुकडी आणि दुधाची पावडर घेऊन यायची. मूळची गोरी, पण उन्हाने विटकरीच्या रंगाची झालेली. तिला मराठी दहा-पाच शब्दांपलीकडे येत नव्हतं आणि कामावर इंग्रजी कुणालाच नाही. मधे मी. जीपमध्ये पुढे बसायचं, पांढरा शर्ट घालायचा, ती बोलली की आपल्या भाषेत सांगायचं. लोक मला मास्तर म्हणू लागले. त्यात थोडं कौतुक होतं आणि बरीचशी टिंगल. मला फक्त कौतुक ऐकू यायचं.

कामाच्या कडेला एक मोठा कडुलिंब होता. त्याच्या फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या असायच्या आणि त्यांत तान्ही पोरं. त्यांना सांभाळायला मुकादमाने आमच्या आळीतल्या काकीला बसवलं होतं. ती कुणाचीच सख्खी काकी नव्हती. तरुणपणी विधवा झालेली, मूलबाळ नाही, डावा पाय फरफटत चालणारी. खडी फोडायला ती निकामी होती. पोरं सांभाळते म्हणून तिला कामावर घेतलं होतं. एका हाताने ही झोळी हलव, पायाने ती, तोंडाने काहीतरी गुणगुणत राही. कामावर येण्याआधी तिच्या घरात दिवसचे दिवस माणसाचा आवाज होत नसे. लिंबाखाली तिचा आवाज थांबतच नसे.

तिचे दात विलक्षण होते. त्या वयात आमच्याकडे बायकांची तोंडं बोळकी झालेली असत. काकीचा एकही दात हललेला नव्हता. त्या वर्षी रेशनला लाल मिलो यायचा, परदेशातून आलेली जाडीभरडी ज्वारी. त्याची भाकरी थंड झाली की कौलासारखी. ती तान्ह्या पोरांना कशी जावी? तर काकी ती तोंडात घेऊन सावकाश चावायची, अगदी खिमट होईपर्यंत, आणि मग बोटावर काढून पोराच्या जिभेवर ठेवायची. आमच्याकडे हे नवीन नव्हतं. ज्या घरात दूध नसे तिथे आज्या असंच करत. त्या वर्षी आज्यांना दात नव्हते म्हणून सगळ्यांची पोरं काकीच्या दातांवर जगत होती.

सिस्टर पहिल्यांदा लिंबाखाली आली तेव्हा ते बघत उभी राहिली. मला वाटलं नाक मुरडेल. ती मला म्हणाली, "मी आधी जिथे होते तिथल्या आयाही असंच करतात. तिला विचार, तिने असं किती मुलांना भरवलं आहे?"

मी विचारलं. काकी हसली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "त्या बाईला सांग, ह्यो बी त्यातलाच. ह्याच्या आईला दूध नव्हतं, बाळंतपणात मरता मरता वाचली. दात येईस्तोवर ह्याला मी चावून घातलं. सांग की!"

आजूबाजूच्या बायकांनी हातोडे खाली ठेवले.

"मास्तर, उष्टं गोड लागलं का?"

"म्हनून विंग्रजी येतंय त्याला. काकीनं चावून दिलं असंल."

"आता बाईचं उष्टं बोलतोय, तवा काकीचं उष्टं खायचा!"

हशा थांबेना. काकी सगळ्यांत जास्त हसत होती. तिच्या मनात अभिमान होता, हे आज मला स्पष्ट दिसतं. तिच्या आयुष्यात दाखवण्यासारखं जे होतं ते ती त्या परक्या बाईला दाखवत होती, आणि ते म्हणजे मी. माझे कान तापले. सिस्टरने विचारलं, काय म्हणाली? मी म्हणालो, "तिला मुलं आवडतात असं म्हणते."

सुकडी शिजायला वेळ लागायचा. तोवर मोठी पोरं पातेल्याभोवती गर्दी करायची, भाजून घ्यायची. म्हणून सिस्टर त्यांना बसवून गोष्टी सांगायची. एकदा ती म्हणाली, आज मी जिथे बरीच वर्षं होते तिथली गोष्ट सांगते, तिथेही पाऊस पडायचा थांबला होता.

"त्या देशाचं नाव पेरू," मी सांगितलं.

"पेरू?" एक पोरगं म्हणालं. "मग दुष्काळात खायाला काय तोटा!"

बायका हसल्या. जेवणाची सुट्टी होती, त्याही सरकून जवळ आल्या.

गोष्ट अशी होती. डोंगरात पाऊस पडेना. एका घरात मूठभर दाणे उरले. आईबापांनी ते स्वतःसाठी लपवले आणि भाऊ-बहिणीला घराबाहेर काढलं. पोरं चालत चालत निघाली. एक पक्षी चोचीत बटाट्याचं फूल घेऊन उडत होता. फूल आहे म्हणजे कुठेतरी बटाटा आहे, म्हणून ती त्याच्यामागे गेली. पक्षी एका म्हातारीच्या झोपडीवर उतरला. म्हातारी एकटीच राहायची. तिने पोरांना आत घेतलं आणि ताटात वाफाळते बटाटे वाढले. पोरांनी तोंडाला लावले तर ते गरम केलेले धोंडे. खरे बटाटे म्हातारी स्वतः खात होती. ती म्हातारी पोरं खाणारी होती. सिस्टरने तिचं नाव सांगितलं, ते आमच्या तोंडात बसेना म्हणून मी तिला आचकी म्हणालो.

इथे सिस्टर पातेलं बघायला उठली. पुढच्या रांगेतल्या एका पोरीने मला विचारलं, "आचकी दिसायची कशी?"

सिस्टरने ते सांगितलेलं नव्हतं. ती परत येईपर्यंत मी थांबू शकलो असतो. पण समोर त्याच बायका होत्या, ज्या माझ्या उष्ट्याला हसल्या होत्या. त्यांना पुन्हा हसवायचं होतं, आणि या खेपेला माझ्यावर नाही.

"म्हातारी," मी म्हणालो. "पण दात एकूण एक शाबूत. त्याशिवाय हाडं कशी चावणार? डावा पाय ओढत चालायची. आणि लुगडं हिरवं, खांद्यावर फाटलेलं."

सगळी तोंडं एकदम लिंबाकडे वळली. हिरवं लुगडं नेसून काकी तिथे झोळी हलवत होती.

जो हशा झाला तो मला हवा तसाच झाला. पण काकीने जे केलं ते माझ्या हिशेबात नव्हतं. तिला वाटलं, मी तिची लाडाने थट्टा करतोय. ती उठली, पाय जास्तच ओढत दोन पावलं पुढे आली, दोन्ही हात पसरले आणि सगळे दात दाखवून म्हणाली, "यिऊ का खायाला? कवळं कवळं कोन हाय तुमच्यात?"

पोरं किंचाळत पळाली. एक आपल्या आईच्या मांडीत घुसलं ते थरथरतच होतं. काकी पोट धरून हसत खाली बसली. तितकं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

सिस्टर परत आली, पुढची गोष्ट झाली. बहीण भावाला पाठीवर घेऊन पळाली, आभाळातून दोर आला, ती दोघं वर चढली. म्हातारीनेही दोर मागितला. तिला मिळाला तो जुना, आणि वर बसून उंदीर तो कुरतडत होता. "काय खातोस रे?" ती खालून विचारायची. "माझं मी खातोय," उंदीर म्हणायचा. दोर तुटला. म्हातारी उघड्या कातळावर आपटली. तिच्या रक्तातून काटेरी झुडपं उगवली, म्हणून ते डोंगर आजही काट्यांनी भरलेले आहेत.

एवढ्यात मुकादमाची शिट्टी झाली. सिस्टर अजून बोलत होती. चार-पाच वाक्यं असतील. मी ती ऐकली, मला ती समजली. पोरांनी विचारलं, "आता काय म्हनती?" मी म्हणालो, "काही नाही. मेली ती. संपली गोष्ट."

ती वाक्यं मी शेवटी सांगेन. तेव्हा सांगितली नाहीत, म्हणून तेव्हाच्या जागी त्यांना आता आणण्यात अर्थ नाही.

नाव चिकटायला वेळ लागला नाही. पोरं लिंबावर खडे मारून "आचकी आचकी" करत पळायची. काकी पहिल्यांदा दात दाखवून त्यांना भिववायची. मग तिच्या लक्षात आलं की ती परत येत नाहीत. सुकडीच्या रांगेत ती उभी राहिली की तिच्या पुढची आणि मागची जागा मोकळी व्हायची. एकदा तिने मला विचारलं, "ती गोष्ट पुन्यांदा सांगनार हाय का ती बाई? पोरास्नी कायतरी दुसरं सांगा म्हनावं."

"सांगतो," मी म्हणालो. सांगितलं नाही.

उन्हाळा वाढला तशी पोरांना हगवण लागली. पाणी बैलगाडीवरच्या टिपाडातून यायचं. ते कुठल्या डबक्यातलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, पण दुसरं नव्हतंच. मोठी माणसं तगली. झोळीतल्या एका मुलीला ते झेपलं नाही. तिची आई जवळजवळ माझ्याच वयाची होती आणि ते तिचं पहिलं मूल होतं. ती रडली नाही. दिवसभर खडी फोडत राहिली, रिकामी झोळी गुंडाळून मांडीखाली घेऊन.

दुसऱ्या दिवशी बोलणं सुरू झालं.

"चावून चावून सत्त्व वढून घ्येती ती."

"आगं, स्वतःच म्हनली की खाईन म्हनून. सगळ्यांसमोर म्हनली."

"एवढ्या वयात दात कशे ऱ्हातात? इचार कर की."

हे बोलणाऱ्या बायका दुष्ट नव्हत्या. त्यांतल्या दोघी-तिघी लहानपणी काकीच्याच घासावर वाढल्या होत्या. पण पोर गेल्यावर डबक्याला काय बोलणार? पाणी तर उद्याही तेच प्यायचं होतं. गावाला एक तोंड हवं होतं, आणि ते मी आधीच काढून ठेवलं होतं.

आठवडाभरात लिंबाच्या झोळ्या सुटल्या. बायका पोरांना खडीच्या ढिगापाशी घेऊन बसू लागल्या, डोक्यावर टोपली उलटी धरून, उन्हात, कपच्या उडत असताना. लिंबाची दाट सावली मोकळी पडली. काकी तिथे येऊन बसायची. तिने स्वतःच्या धडुत्याची एक झोळी बांधून ठेवली होती आणि ती अधूनमधून हलवायची. आत काही नसायचं. मुकादम म्हणाला, पोरंच नाहीत तर तुला इथं बसवून काय करू? ढिगावर बस नाहीतर घरी जा.

सिस्टरला हे मी सांगितलं नाही. तिला ते डोळ्यांनी दिसलं. रिकामा लिंब आणि उन्हात लाल झालेली पोरं बघून तिने मला विचारलं आणि मी गुळमुळीत काहीतरी बोललो. तिने उरलेलं ओळखलं. तिने सगळ्यांना गोळा करायला लावलं. पुढे, दगावलेल्या मुलीचा बाप आणि त्याचे दोन भाऊ उभे होते. काकी मागे, लिंबाला टेकून.

सिस्टर बराच वेळ बोलली. ती म्हणाली, मुलीला पाण्याने मारलं. या बाईने तुमची मुलं जगवली आहेत. तिच्यावर आळ घेऊ नका. ती गोष्ट मी सांगितली, चूक असेल तर माझी आहे, त्या गोष्टीतल्या म्हातारीचा आणि या बाईचा काही संबंध नाही, हे त्यांना माझ्या शब्दांत सांग.

ती माझ्याकडे वळली. सगळेच वळले.

संबंध कुणी लावला ते त्या घोळक्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते बोललो असतो तर पुढच्या क्षणी कुणीतरी म्हटलं असतं, मग मास्तर, दात कुनी सांगितले? मुलीच्या बापाचे हात मला दिसत होते. जीपमधली माझी जागा दिसत होती. मी म्हणालो, "सिस्टर म्हणतात, पाणी उकळून प्या."

लोक थांबले. अजून काही येतंय का बघत होते. मग पांगले.

"एवढंच?" सिस्टरने मला विचारलं. "मी खूप बोलले."

"मराठीत ते थोडक्यात होतं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी पुढे फार दिवस टाळली. त्यानंतर तिने माझ्यामार्फत कधी गोष्ट सांगितली नाही.

मी जीपकडे निघालो तेव्हा काकीने हाक मारली. "आरं, इकडं ये. त्या बाईनं एवढं मोठं काय सांगितलं?"

"काही नाही काकी. पाण्याचं."

"माझं नाव घेतलं का?"

"नाही."

तिने सुस्कारा सोडला. "मंग बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, आता ती बी म्हनती का काय." आणि तिने माझ्या शर्टाच्या बाहीला लागलेली धूळ झटकली.

तिची बाजू मांडणारं एकच माणूस त्या कामावर होतं आणि ते जे बोललं ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. उलट ते बोललं नाही म्हणून तिला बरं वाटलं. आयुष्यात मी पुष्कळ कागद इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत केले, नोकरीच तसली होती. चुका झाल्या, दुरुस्त्या झाल्या. हा एक मजकूर तसाच राहिला.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, काम बंद पडलं. पण एका पावसाने घरं उभी राहत नाहीत. दिवाळीच्या सुमाराला गाव ऊसतोडीला निघालं, बेलापूरच्या साखर कारखान्याकडे. बैलगाड्या भरल्या. भांडी, कोंबड्या, पोरं, वर पाचटाची कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, बांधायला लागणारे बांबू. पहाटेच काकी बोचकं घेऊन गाड्यांपाशी आली होती. फडात आया ऊस तोडायला गेल्या की कोपीवर पोरं सांभाळायला कुणीतरी लागतंच. ती एकेका गाडीपाशी जाऊन म्हणाली, "मी येती. काय देऊ नका, निस्तं खायाला घाला."

"जागा न्हाई काकी."

"मी चालत येती."

कुणी तिच्याशी वाईट बोललं नाही. बायकांनी फक्त पोरं गाडीच्या आतल्या अंगाला घेतली. गाड्या निघाल्या तशी ती मागून चालू लागली. मी ओट्यावर उभा होतो. फाट्यापर्यंत ती त्या धुळीत दिसत होती, डावा पाय ओढत. मग गाड्या वळल्या आणि ती थांबली. बराच वेळ तशीच उभी होती. परत आली तेव्हा माझ्या ओट्यासमोरून गेली, पण वर बघितलं नाही.

तोड सुरू असताना आमचं गाव कसं असायचं ते तिकडच्या माणसालाच कळेल. दारांना कड्या, ओसरीवर कुत्री, आळीत एखादी खोकणारी म्हातारी. संध्याकाळी दोन-चार चुलींचा धूर. मी महिनाभराने नगरला नोकरीला लागलो. होळीला घरी गेलो तेव्हा काकीच्या घराची चौकट कुणीतरी काढून नेलेली होती. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं. "कुठं गेली कोनाला ठावं," तो म्हणाला. "एक दिस धूर दिसला न्हाई. दुसऱ्या दिशी बघितलं तर घर मोकळं." माझ्या घरच्यांनाही माहीत नव्हतं. मी शोधलं का, असं कुणी विचारलं तर उत्तर आहे, नाही.

आता मीही एकटा राहतो. बायको गेली, मुलं पुण्याला. दात सगळे गेले, कवळी बसत नाही, भाकरी चहात भिजवून खातो. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पण ती भिजायची वाट बघत बसलो की काकी आठवते, रोज.

तर तिसगावच्या स्टँडवर ती बाई मला म्हणाली, "आवो, मी सवता तिच्या तावडीतून सुटलेय! माझी आई सांगायची. दुष्काळात मी तान्ही हुते, झोळीत. आचकीनं मला धरलं हुतं, पर आईनं काढून आनलं."

मग मी बोललो. आधी गाव सांगितलं, आळी सांगितली. मग लिंब, मिलोची भाकरी, दात. ती दात कशाला वापरायची ते. तुम्ही तिच्या तावडीत नव्हता, तिच्या घासावर होता, मी म्हणालो.

बाईने हातातला घास ताटात ठेवला. "मंग माझी आई खोटं सांगायची?"

"आईला खरं वाटायचं. खोटं मी सांगितलं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. शिवी देईल असं वाटलं, दिली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "नाव काय हुतं म्हातारीचं?"

मला माहीत नव्हतं. काकी म्हणायचो, एवढंच. कधी विचारलंच नव्हतं.

पोरगं सगळं ऐकत होतं. ते म्हणालं, "म्हंजी आचकी येनार न्हाई?" आणि ताट सारून दिलं.

"बघा!" बाई वैतागली. "झालं का समाधान? आता हा खातोय व्हय!"

तेव्हा मी गोष्टीचा शेवट सांगितला, सिस्टरची ती राहिलेली वाक्यं. तिकडच्या डोंगरातल्या म्हाताऱ्या गोष्ट संपवताना म्हणतात, की तिच्या रक्तातून काटे उगवले, पण पोटातून बटाटा उगवला, आणि आपण तो खातो. आणि म्हणतात, की तीही कधीतरी लहान होती. त्याच्याही आधीच्या एका दुष्काळात तिच्या आईबापांनी तिला घराबाहेर काढलं होतं, आणि ज्या दारात ती गेली ते कुणी उघडलं नाही. म्हणून जेवायला बसलात की तिची आठवण ठेवा.

लांबून गाडी येताना दिसली तशी बाईने ताट आवरायला घेतलं. मग थांबली, भाकरीचा एक तुकडा मोडला आणि बाकाच्या कडेला ठेवला.

"ह्यो कोनाला?" पोराने विचारलं.

"म्हातारीला. उपाशी हाय ती. आता तुझा तू खा बरं."

पोराने त्या तुकड्याकडे बघत बघत तोंड उघडलं. घास तोंडात असतानाच तिने त्याला काखेत उचललं आणि गाडीत चढली. खिडकीतून ते माझ्याकडे नाही, बाकाकडे बघत होतं.

माझी गाडी उशिरा होती. स्टँड रिकामा झाला. तो तुकडा तिथेच होता, ऊन लागून कडक होत चाललेला. मी तो उचलला नाही. उचलला असता तरी मला चाववला नसता.